अळंबी वाळवीची, बाजार आपला

आषाढ सरत आला की आमच्या सावंतवाडीकडे बाजारात एक वेगळीच गर्दी दिसायला लागते, बायका पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसलेल्या असतात आणि गोव्याच्या नंबरच्या गाड्या थांबून घासाघीस न करता सगळं उचलून नेतात. भाव विचारूच नका, त्यापेक्षा चिकन स्वस्त. त्यात श्रावण तोंडावर आलेला, मच्छी-मटण बंद व्हायची वेळ, मग ज्यांना भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाशिवाय रविवार गेल्यासारखा वाटत नाही ती सगळी मंडळी अळंबीवर तुटून पडतात. आमच्या घरीही तेच, उगाच सोवळेपणा दाखवत नाही.

गंमत अशी की आपण जी शाकाहारी म्हणून श्रावणात खातो ती वनस्पती नाहीच. बुरशीचा अख्खा वर्गच वेगळा आहे आणि नात्याने तो झाडांपेक्षा प्राण्यांना जवळचा आहे, तिच्या पेशींच्या भिंतीत कायटीन असतं, म्हणजे कुर्लीच्या नि कोळंबीच्या कवचात असतं तेच. हे मी एकदा जेवताना सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, जेव गपचूप. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीत कवकही, म्हणजे अळंबीही, अभक्ष्य म्हणून बसवलेलं आहे, आणि अजून बरीच घरं अशी आहेत जिथे अळंबी उंबऱ्याच्या आत येत नाही. बाकीच्यांना तेवढीच जास्त मिळते, असो.

पण आज लिहायचंय ते वेगळंच. ही अळंबी, म्हणजे वारुळाजवळ उगवते ती, गोव्यात जिला रोयणीची अळमी म्हणतात ती, आपण रानमेवा समजतो. जांभळं-करवंदं तशी अळंबी, पाऊस पडला उगवली, देवाने दिली आपण तोडली. तसं नाहीये. ते कुणीतरी पिकवलेलं पीक आहे आणि पिकवणारी आहे वाळवी. वारूळ नागाचंही नसतं आणि मुंग्यांचंही नसतं, वाळवीचं असतं, आणि वाळवीला पांढरी मुंगी म्हणत असले तरी ती मुंगी नव्हे, झुरळाच्या भावकीतली आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या काजूच्या बागेच्या खालच्या अंगाला एकांनी घराचा पाया खणायला जेसीबी आणला आणि एक मोठं जुनं वारूळ उभं कापलं गेलं, अगदी केक कापावा तसं. मी पळत गेले बघायला, कारण असा कापलेला भाग रोज बघायला मिळत नाही. आत मातीत वेगवेगळ्या खोल्या होत्या, काही मुठीएवढ्या काही नारळाएवढ्या, आणि प्रत्येक खोलीत एक तपकिरी, घड्या पडलेला, भोकाभोकांचा गोळा. हातात घेतला तर हलका, ओलसर, जरा दाबला की चुरा. नीट बघितल्यावर त्याच्यावर सगळीकडे पांढरे शुभ्र गोल दाणे, साबुदाण्यापेक्षाही बारीक. आणि वाळव्यांची नुसती पळापळ, उजेड त्यांना सोसत नाही, पण पळताना पण पिल्लं उचलून नेत होत्या. पाच-दहा मिनिटांत उघड्या पडलेल्या भोकांच्या कडेला ओली माती थापायला सुरुवात सुद्धा झाली होती. जेसीबीवाला म्हणाला, मॅडम बाजूला व्हा.

तो तपकिरी गोळा म्हणजे वाळवीचं शेत. सगळीच वाळवी शेती करत नाही हां, पण आपल्याकडे वारुळं बांधणाऱ्या ज्या जाती आहेत, ओडोन्टोटर्मिस वगैरे, त्या करतात. पाला, काटक्या, वाळकं गवत, आपल्या कुंपणाच्या खुंट्या (आणि हो, दाराच्या चौकटी पण) कुरतडून आणायचं, पण ते त्यांना धड पचत नाही. लाकडाला जो कडकपणा येतो तो लिग्निन नावाच्या पदार्थामुळे, आणि ते लिग्निन फोडणं जगात फार थोड्यांना जमतं, त्यात बुरशी सगळ्यात वरचढ. बुरशी नसती तर जंगलात पडलेली झाडं कुजायला किती काळ लागला असता कोण जाणे. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री कुजक्या काटक्या हिरवट चमकतात ना, ती पण लाकूड खाणारी बुरशीच.

तर वाळवी काय करते, तरुण कामकरी वाळव्या तो पाला-लाकूड खातात आणि सोबत ते पांढरे दाणे पण खातात. त्या दाण्यांमध्ये बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बी, असतं. पोटात दोन्ही मिसळतं, आणि अर्धवट पचलेला तो माल शेताच्या वरच्या थरावर टाकला जातो, म्हणजे मशागत आणि पेरणी एकाच वेळी, पोटातून. मग बुरशी त्या थरात पसरते, लिग्निन फोडते, परत दाणे धरते, आणि खालचा जुना थर आता मऊ नि पौष्टिक झालेला असतो तो मोठ्या वाळव्या खातात. वरून भर घालायची, खालून खायचं. आपण माणसं शेती करायला लागलो त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली, वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे, सुरुवात आफ्रिकेत झाली असं मानतात आणि एकदा शेतकरी झालेल्या वाळवीने नंतर कधी शेती सोडल्याचं दिसत नाही. कर्जमाफी नाही, हमीभाव नाही, तरी.

या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस म्हणतात, रॉजर हाइम नावाच्या फ्रेंच कवकतज्ज्ञाने १९४२ साली ते नाव दिलं. आपल्याकडे बऱ्याच जाती आहेत. काहींची छत्री ताटलीएवढी, काही एकदम चिमुकल्या पण शेकड्याने एका जागी पांढरा सडा घातल्यासारख्या येतात, या चिमुकल्यांच्या बाबतीत वाळवीच शेताचे तुकडे बाहेर आणून टाकते आणि त्यावर त्या उगवतात. आफ्रिकेत झांबियाकडे याच कुळातली एक आहे तिची छत्री मीटरभर रुंद होते, एका अळंबीत अख्ख्या वाडीचं जेवण.

आणि ही शेती वारुळात असताना अळंबी वर कशी येते? एरवी वाळवी बुरशीला वर येऊच देत नाही, कोंब फुटले की खाऊन टाकते. पण पाऊस चांगला मुरला, गरम-दमट हवा झाली की बुरशी त्या शेतातून मातीतून वर सरळ एक लांब शेपूट काढते, कधी हातभर कधी त्याहून जास्त, आणि वर आल्यावर छत्री उघडते. म्हणून खरी अळंबी उपटली की खाली ती लांब निमुळती शेपटी लागते, तुटत तुटत खाली जाते. छत्रीच्या मधोमध एक कडक टोक असतं, माती फोडून वर यायला. हे सगळं आमच्याकडच्या बायकांना पाठ असतं, फक्त खाली काय आहे ते त्या बघायला जात नाहीत, आणि कशाला जातील.

आता मुद्द्यावर येते. अळंबी कळी असतानाच काढली जाते. छत्री उघडायच्या आधी, टोकदार बोंडासारखी असते तेव्हा, कारण तशी जास्त टिकते, पानात छान बसते, गिऱ्हाईक तीच मागतं, उघडलेल्या छत्र्यांचा भाव निम्म्यावर. आणि बीजाणू पडतात ते छत्री उघडल्यावर, खालच्या पडद्यांतून, गुलाबीसर रंगाचे. कळी तोडली म्हणजे बी पडलंच नाही.

शेजारच्या काकींशी माझा यावरून दर पावसाळ्यात वाद. काकींना माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं रानातलं, कुठल्या भेडल्या माडाखाली कधी येणार ते त्या हवेवरून सांगतात, जागा मात्र सख्ख्या सुनेला सुद्धा सांगत नाहीत. त्या म्हणतात, "गो, मी काय वारूळ उपटून हाडतंय? पुढल्या वर्षी थंयच येतत ना!" आणि त्यांचं खरं आहे! वरची अळंबी काढल्याने खालचं शेत मरत नाही, आंबे काढल्याने झाड मरत नाही तसंच. पुढच्या वर्षी त्याच जागी परत येते. म्हणून "सगळी तोडली की संपते" असले जे मेसेज फिरतात ते ऐकून रानात फिरणारी बाई हसते, कारण तिने वर्षानुवर्षं तसं बघितलेलंच नाही.

गडबड पुढच्या पिढीत आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ती पंखवाली पाखरं येतात बघा, सकाळी पंखांचा नुसता केर, पालींची चंगळ. ती वाळवीची नर-माद्यांची वरात असते. त्यातली बहुतेक पाली, बेडूक, पक्षी खातात, एखादी जोडी जगते, पंख टाकून मातीत शिरते आणि स्वतःला बंद करून घेते. ते दोघं अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवतात. पण शेत कुठून आणणार? आपल्याकडच्या बहुतेक जातींत राजा-राणी माहेराहून बी घेऊन निघत नाहीत. काही आठवड्यांनी पहिले कामकरी तयार होऊन बाहेर पडतात आणि त्यांना पालापाचोळ्यासोबत कुठूनतरी अळंबीचे बीजाणू मिळावे लागतात. नेमक्या त्याच सुमाराला अळंबी उघडून बीजाणू सांडलेले असतात, हे वेळापत्रक कोट्यवधी वर्षांचं जुळलेलं. बीजाणू मिळाले तर वारूळ उभं राहतं, नाही मिळाले तर ते कुटुंब जमिनीखालीच संपतं आणि आपल्याला कळत पण नाही.

म्हणजे जुनी वारुळं देत राहतात, नवी होत नाहीत. एक वारूळ कितीतरी वर्षं टिकतं त्यामुळे हा हिशोब पटकन दिसत नाही. आणि जुनं मेलं की त्याच्या जागी दुसरं नाही. मेलेलं वारूळ ओळखायची एक खूण आहे, शेत सांभाळणारी वाळवी गेली की तिथे इतके दिवस दाबून ठेवलेलं तण वर येतं, झायलेरिया नावाच्या बुरशीच्या नात्यातली एक, मातीतून काळ्या-पांढऱ्या काड्या उभ्या राहतात. तिथे परत अळंबी शोधू नका.

गोव्यात यावर बरंच बोललं-लिहिलं गेलंय, तिथले कवकतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत कितीतरी वर्षं या रोयणीच्या अळम्यांबद्दल सांगत आलेत. अभयारण्यातून अळंबी काढायला कायद्याने बंदी आहे. हायवेवर विक्री चालूच. पण मला काकींना गुन्हेगार ठरवणं पटत नाही. पावसाळ्यात चार पैसे मिळायचं त्यांचं दुसरं साधन काय? वाद वाढला की त्या सरळ विचारतात, "माका गावतत ते पैशे तू देतलंस काय?" यावर काय बोलणार. शिवाय एका बाईने टोपलीभर कळ्या काढणं आणि एका जेसीबीने दुपारभरात अख्खा उतार सपाट करणं यात काही तुलना आहे का? चिरेखाणी, दोडामार्गकडची रबराची लागवड, काजूच्या बागेत मारलेलं तणनाशक, प्लॉटवर बांधकामाआधी जमिनीत ओतलेलं क्लोरपायरीफॉस हे वाळवी मारायचं औषध, हे सगळं थेट वारुळावर जातं. काजूवाल्यांना वाळवी नको असते हे मला माहितीये, आमच्याही कलमांची साल खाते ती. आम्ही कलमाच्या बुंध्याला गेरू-चुना लावतो आणि बांधावरची वारुळं तशीच ठेवतो, कधीकधी एखादं कलम जातं. जाऊ दे.

आता सातेरीबद्दल लिहिल्याशिवाय कसं होईल. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगाव सातेरीची देवळं आहेत आणि कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नाही तर वारूळच आहे, त्यालाच मुखवटा नि साडी. देवी मातीतून वर आलेली. आणि नागपंचमीला वारुळाची पूजा, त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायचं नाही, चिरायचं कापायचं नाही. श्रावण शुद्ध पंचमी म्हणजे ऐन अळंबीचे दिवस. आता यावरून "आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं" असला मेसेज मी काही करणार नाही, कारण नागपंचमी नागासाठी आहे आणि देवीच्या वारुळाला हात न लावणारे लोक दुसऱ्या दिवशी शेजारचं वारूळ खुशाल पाडतात. पण देवराईतली वारुळं मात्र टिकलीत, हे डोळ्यांनी दिसतं. आमच्या देवराईत कोणी अळंबी काढत नाही, तिथे छत्र्या पूर्ण उघडतात, फाटतात, त्यांच्यात किडे पडतात आणि तिथल्या तिथे त्या विरघळून जातात. काकी पण तिथे काढत नाहीत. कायद्यापेक्षा सातेरीची भीती जास्त कामाला येते, मला चालतंय.

बरं, "मग धिंगरीसारखी (ऑयस्टर मशरूम) पिशवीत का नाही लावत" हा प्रश्न हमखास येतो. धिंगरी स्वतःच्या जिवावर भाताच्या पेंढ्यावर वाढते, पेंढा भिजवा, उकळवा, बी घाला, पिशव्या टांगा, तीन-चार आठवड्यांत तोडणी. या अळंबीला खाली वाळवी लागते, तिची उष्णता, ओल, सारखी चालणारी साफसफाई. अळंबीचं बियाणं देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर नीट चौकशी करा.

अजून एक, आणि हे मात्र गंभीरपणे. हा ब्लॉग वाचून कोणी रानात जाऊन दिसेल ती छत्री तोडू नका. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते, किड्याने खाल्लेली असली की चालते, हळदीत उकळली की विष जातं, या सगळ्या थापा आहेत. लॉनवर, शेणाच्या ढिगाजवळ पावसात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, देठाला वळं असतं आणि जुनी झाली की खालचे पडदे हिरवट होतात, ती खाऊन दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे अमानिटा नावाच्या अळंबीच्या काही विषारी जाती, त्यात पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग पोट बिघडतं, मग जरा बरं वाटतं आणि तोवर लिव्हर गेलेलं असतं. ते विष शिजवून जात नाही. पिढ्यानपिढ्या काढणाऱ्या माणसाकडूनच घ्या, फोटो बघून ओळखू नका, मोबाइलच्या ॲपवर तर अजिबात नाही. आणि कोणी खाऊन त्रास झालाच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

काकींशी माझी तडजोड अशी झालीये की त्या आमच्या बागेतल्या अळंबीतल्या काही कळ्या सोडतात, दोन दिवसांनी उघडलेल्या छत्र्या काढतात आणि त्या मी कळीच्याच भावाने घेते. नवऱ्याच्या मते मी स्वतःच्या बागेतलीच अळंबी विकत घेणारी जगातली एकमेव बाई आहे. पण भाव गिऱ्हाईक ठरवतं. बाजारात गेलात तर एकदा उघडलेल्या छत्र्या मागून बघा, नाक मुरडू नका. चवीत मला तरी फरक वाटत नाही, उलट रस्सा जास्त धरतात. फक्त त्या टिकत नाहीत, फ्रीजमध्ये उद्यावर ठेवायच्या नाहीत, आणल्या दिवशीच करायच्या. शेपटीकडचा मातकट भाग कापून टाका, छत्री उलटी धरून पडद्यात किडे नाहीत ना बघा, दोन-तीन पाण्यांतून काढा, देठ सुरीने न कापता हाताने उभे चिरा म्हणजे चांगले शिजतात. कांदा-खोबरं नीट काळपट होईपर्यंत भाजून वाटण, मालवणी मसाला, शेवटी दोन सोलं (आमसुलं). गरम मसाला वरून घालू नका, आमच्याकडे घालतात काही जण, मग अळंबी काय आणि फ्लॉवर काय, सगळं सारखंच लागतं. सोबत घावणे.